‘आब्लार’ आणि ‘फेबल’ : एका शब्दकुळाची फारकत

स्पॅनिशमधील ‘आब्लार’ (बोलणे) हे क्रियापद आणि इंग्रजीतील ‘फेबल’ (कल्पितकथा) हे नाम यांत वरकरणी ना ध्वनीचे साम्य आढळते, ना अर्थाचे. तरीही दोहोंचे मूळ लॅटिन ‘फाबुला’ या एकाच शब्दात आहे. ‘बोलणे’ या अर्थाच्या ‘फारी’ या क्रियापदाशी संबद्ध असलेल्या या नामात संभाषण, कथा आणि नाटक हे तिन्ही अर्थ एकत्र नांदत होते. त्यावरून सिद्ध झालेले ‘फाबुलारी’ हे क्रियापद इ.स.पू. 200च्या सुमारास प्लाउटसच्या नाटकांत ‘बोलणे’ अशा साध्या अर्थानेही येते. म्हणजेच कथार्थ क्षीण होण्याची प्रक्रिया स्पेनमध्ये नव्हे, तर रोमच्या रंगभूमीवरील बोलीतच सुरू झाली होती.

अभिजात ‘लोक्वी’ मागे पडल्यावर इबेरियात ‘फाबुलारी’ टिकले. फ्रान्स व इटलीत मात्र ‘पाराबोला’पासून घडलेल्या क्रियापदाने जम बसवला. पोर्तुगीज ‘फालार’ने आद्य ‘फ’ राखला. मध्ययुगीन कॅस्टिलियनमधील ‘फाब्लार’चा ‘फ’ पुढे ‘ह’ झाला आणि अखेर उच्चारातून लोपला. 1605 साली सर्व्हान्टिसचा दोन किहोते असा जुना ‘फ’ आवर्जून उच्चारतो, तेव्हा ध्वनिपरिवर्तनच विडंबनाचे साधन बनते.

इंग्रजीत ‘फेबल’ फ्रेंचमार्गे आला, तो कथा आणि असत्य हे अर्थ घेऊन. ‘इन्फन्ट’ (न बोलणारा) आणि ‘फेट’ (उच्चारले गेलेले) यांत ‘फारी’चा मूळ अर्थ गोठून राहिला आहे. स्पॅनिशमध्येही ‘आब्ला’ (बोली) आणि ‘फाबुला’ (कथा) शेजारी नांदतात. आपल्या परिभाषेत पहिला तद्भव, तर दुसरा तत्सम. लोकमुखातून आलेल्या रूपाची झीज झाली, ग्रंथांतून आलेले शाबूत राहिले.

साहित्यविचाराच्या दृष्टीने याचे महत्त्व वेगळेच आहे. 1920च्या दशकात रशियन रूपवाद्यांनी ‘फाबुला’ ही संज्ञा कथनापूर्वीच्या, कालानुक्रमाने मांडलेल्या घटनासामग्रीसाठी योजली. ज्या शब्दाचे मूळच ‘बोलणे’, तोच सांगण्याआधीच्या आशयाचा वाचक ठरला. तेव्हा व्युत्पत्तीच्या बळावर ‘प्रत्येक बोलणे मुळात कथाच असते’ असा सिद्धान्त उभारणे धोक्याचे ठरते. व्युत्पत्ती शब्दाचा प्रवास दाखवते. त्याचा आजचा अर्थ ठरवण्याचा अधिकार तिला नाही.