खाज थांबवणाऱ्या मलमाची हकिगत

१९४८ च्या सप्टेंबरची १७ तारीख गंगापूरकरांना सांगायला नको. त्या दिवशी निजामाची राजवट संपली. त्यानंतर चारच दिवसांनी, २१ तारखेला, तिकडे अमेरिकेत मेयो क्लिनिकचे डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने आखडलेल्या एका बाईला एक नवे औषध टोचले. आठवडाभरात ती बाई चालू लागली! औषधाचे नाव कॉर्टिझोन. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांतले हे द्रव्य. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन या तिघांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण लवकरच दिसले, की औषध थांबले की दुखणे परततेच. दुखणे दबले होते, मुळापासून गेले नव्हते. हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढची सारी हकिगत त्यातच आहे.

कॉर्टिझोनचे मलम करून पाहिले, ते कातडीवर चालले नाही. मग १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटन या डॉक्टरांनी त्याच्या भावंडाचे, म्हणजे हायड्रोकॉर्टिझोनचे, मलम इसबावर लावले. लाली उतरली, खाज थांबली. रात्र रात्र खाजवणाऱ्या माणसाला झोप लागली. हा उपकार लहान नव्हे. पुढे याहून जोरदार मलमे निघाली: बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल. हायड्रोकॉर्टिझोन सर्वांत सौम्य, तर क्लोबेटासॉल सर्वांत जहाल.

आता घोटाळा कुठे झाला? लासूरच्या बाजारात काय, वाळूजला काय, माणूस दुकानात जातो आणि म्हणतो, "खाजेची एक ट्यूब द्या." खाज इसबाची की नायट्याची, हे कोण पाहतो? इसबात शरीराचा स्वतःचाच दाह असतो. तो हे मलम शमवते. नायटा म्हणजे बुरशी. तिच्याशी शरीर झगडते म्हणून लाली येते. मलम त्या झगड्यालाच गप्प करते. चार दिवस आराम वाटतो आणि बुरशी खाली निवांत पसरते. नायट्याची ती गोल कडही पुसट होते, मग डॉक्टरही फसतो. १९६८ मध्ये इंग्लंडातील डॉक्टरांनी अशा नायट्याला 'ओळख लपवलेला नायटा' अशा अर्थाचे नाव दिले. शेतातला राखणदार झोपवला, तर चोराला मोकळे रान मिळते, तसेच हे.

दुसरा घोटाळा चेहऱ्याचा. गोरेपणासाठी हीच मलमे महिनोन् महिने चोपडली जातात. आपल्या देशातील बारा केंद्रांत त्वचारोगाच्या २९२६ रुग्णांची पाहणी झाली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. याने कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरमे येतात. आणि मलम सोडले की चेहरा भडकतो. मग लोक पुन्हा तेच लावतात! २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने अशी चौदा औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली.

म्हणून काय मलम टाकून द्यायचे? मुळीच नाही. इसब झालेल्या लेकराला भीतीपोटी तळमळत ठेवणे हाही अन्यायच. डॉक्टरांनी सांगितलेले मलम, सांगितलेल्या जागी, सांगितले तितकेच दिवस लावावे. मापही सोपे आहे. १९९१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी ते घालून दिले. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. एवढे मलम दोन तळव्यांइतक्या जागेला पुरते. चेहरा, जांघ आणि लहान मुलांची कातडी नाजूक. तिथे जहाल मलम आपल्या मनाने कधीच नको. महिनोन् महिने लावत असाल, तर एकदम सोडू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

गुरुजनांना एक विनंती. वर्गातले पोर सारखे खाजवत असेल, तर त्याला वेगळे बसवून लाजवू नका. आईबापांना बोलवा. पंचा एकमेकांचा वापरू नये, कपडे उन्हात खडखडीत वाळवावेत, घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यालाही दाखवावे, एवढे सांगा. आणि घरात जी ट्यूब वापरतात, ती घेऊन आधी सरकारी दवाखान्यात जा म्हणावे. तिच्यावरचे नाव वाचले, की निम्मे निदान तिथेच होते.