कोळ्याच्या नावाचं तेल

मेक्सिकोच्या काम्पेचे उपसागरात रुदेसिंदो कांतारेल नावाचा एक कोळी मासेमारी करायचा. तिथे पाण्यावर तेलाचा तवंग दिसायचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने ही गोष्ट पेमेक्सच्या, म्हणजे तिथल्या सरकारी तेल कंपनीच्या कानावर घातली. १९७६ मध्ये तिथे तेल लागलं, आणि तेही थोडंथोडकं नाही! ऐन भरात हे क्षेत्र उत्पादनात सौदी अरेबियाच्या घवारखालोखाल होतं. त्याला नाव मात्र कोळ्याचंच दिलं, हे मला फार आवडतं.

(हे तेल ज्या फुटक्या, सच्छिद्र खडकात साठलं, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर संपवणाऱ्या अशनीच्या धक्क्याने तयार झाला असं मानतात. त्या आघाताचं विवर जवळच, युकातानमध्ये आहे.)

मेक्सिकन माणसासाठी तेल म्हणजे नुसता धंदा नाही. १८ मार्च १९३८ ला राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी परदेशी तेल कंपन्या ताब्यात घेतल्या. नुकसानभरपाईसाठी बायकांनी रांगा लावून अंगठ्या दिल्या. काहीजणी तर कोंबड्या घेऊन आल्या होत्या म्हणे! अशा तेलाला हात लावायचा म्हणजे देवघरात चपला घालून जाण्यासारखंच.

कांतारेलचं तेल १९७९ पासून यायला लागलं. राष्ट्राध्यक्ष लोपेस पोर्तियो लोकांना सांगत होते की आता आपल्याला समृद्धी सांभाळायला शिकायचंय. तेलाच्या भरवशावर कर्जं काढली. भाव घसरले, अमेरिकेतले व्याजदर चढले, आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्ज फेडता येत नाही म्हणून हात वर केले. तेल होतं, पैसे नव्हते.

खरी गोष्ट पुढची आहे. वर्षानुवर्षं उपसा झाल्यावर खडकातला दाब कमी झाला. उपाय म्हणून अतास्ता इथे हवेतून नायट्रोजन वेगळा करणारा जगातला सर्वात मोठा कारखाना उभारला आणि २००० सालापासून तो वायू जमिनीखाली सोडायला सुरुवात केली. वर वायूचा थर, खाली तेलाचा, त्याखाली पाणी. वायूने वरून दाबायचं आणि विहिरींनी तेल ओढून घ्यायचं. जमलंही! दिवसाला दहा-बारा लाख पिंपांवरून २००४ पर्यंत उत्पादन २१ लाखांवर गेलं. देशातल्या एकूण तेलापैकी निम्म्याहून जास्त तेल या एकाच क्षेत्रातून येत होतं.

पण वायूचा थर जाड होत होता, तसा तेलाचा पातळ होत होता. विहिरींमधून तेलाऐवजी वायूच यायला लागला, आणि त्यात नायट्रोजन मिसळलेला असल्याने तो धड विकताही येईना. कितीतरी तसाच जाळून टाकला. २००९ मध्ये उत्पादन सात लाख पिंपांच्याही खाली आलं. पाच वर्षांत दोन तृतीयांश गायब!

काहीजण नायट्रोजनला दोष देतात. मला तो पटत नाही. त्याने तेल लवकर वर आणलं, इतकंच. हातात आलेल्या त्या वर्षांचं काय केलं हा प्रश्न आहे. सरकारच्या तिजोरीत साधारण एक तृतीयांश पैसा पेमेक्सकडून यायचा. कर इतके जबर की नवीन तेल शोधायला कंपनीकडे पुरेसे पैसेच उरेनात. कर वाढवून लोकांचा रोष घेण्यापेक्षा कांतारेल उपसणं राज्यकर्त्यांना सोपं होतं. पक्ष बदलले, पण ही सवय काही सुटली नाही.

शेवटी डिसेंबर २०१३ मध्ये घटना बदलून खाजगी कंपन्यांना दार उघडलं. १९३८ नंतर पहिल्यांदाच! देशाचं कच्च्या तेलाचं उत्पादन २००४ मध्ये दिवसाला जवळजवळ ३४ लाख पिंपं होतं, ते २०२३ पर्यंत निम्म्यावर आलं आणि पेमेक्सच्या डोक्यावर १०० अब्ज डॉलरहून जास्त कर्ज झालं.

असो. २००९ मध्ये शेजारच्या कु-मालूब-झाप क्षेत्राने कांतारेलला मागे टाकलं. तिथेही नायट्रोजनच सोडतात. आता तेही उतरणीला लागलंय.