अळी, कोश आणि फुलपाखरू

अळी, कोश व फुलपाखरू हे मराठीतील तीन शब्द एकाच जीवाच्या अवस्थांचे वाचक आहेत, हे केवळ शब्दांवरून उमगत नाही. मारिया सिबिला मेरियन हिने अळ्या पाळून त्यांची रूपांतरे खाद्यवनस्पतींसह चितारली व १६७९ साली प्रसिद्ध केली.

महाराष्ट्रातील बालशिक्षणात अशा प्रत्यक्ष निरीक्षणाला अनुकूल भूमी ताराबाई मोडक यांनी तयार केली. १९४५ पासून बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या साहाय्याने, त्यांनी महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शंखशिंपले यांचा आश्रय घेतला.

धावडा हे गाव ज्या जालना जिल्ह्यात आहे, तो मोसंबीसाठी प्रसिद्ध आहे. लिंबू-मोसंबीची पाने खाणारी अळी तेथील बागायतदाराच्या लेखी कीडच होय. तीच डहाळीसह वर्गात ठेवली असता प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते, कोशात जाते आणि काही आठवड्यांत फुलपाखरू होऊन उडते. घरी ‘कीड’ म्हणून ऐकलेला जीव आणि अंगणातले फुलपाखरू एकच, हे बालकाला तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी कळते. नाव हे वस्तूचे एकच अंग दाखविते, हा भाषेचा पहिला धडा त्यास असा मिळतो.