‘मूल नको’ : एका घरातून विधानसभेपर्यंत

बर्लिनमध्ये १९१३ साली ‘बाळंतपणाचा संप’ या कल्पनेवर मोठ्या सभा गाजल्या. कामगार बायकांनी मुलं जन्माला घालणं थांबवावं, म्हणजे कारखानदाराला मजूर आणि सैन्याला शिपाई मिळणार नाहीत, असं काही डॉक्टर मांडत होते. रोझा लक्झेंबर्ग आणि क्लारा झेटकिन यांनी मात्र विरोध केला. आपल्या मुंबईत असा संप कुणी पुकारला नाही. इथं नकार आधी एका घरात घडला.

गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज तुम्हाला माहीत आहे. तिथे गणित शिकवणारे रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांची आई राधाबाई १८९१ मध्ये बाळंतपणात गेली, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झालं. आणि कर्वे दांपत्याने मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं. आता बघा, आपण नेहमी ‘कर्व्यांनी ठरवलं’ म्हणतो. मालतीबाई कुठे गेल्या? निपुत्रिक बाईला त्या काळी काय काय ऐकून घ्यावं लागे ते सांगायला नको. ते पुरुषाला ऐकावं लागत नसे. नोकरी गेल्यावर संसाराचा भारही त्यांनी उचलला. म्हणून मी हा नकार निम्म्याहून जास्त मालतीबाईंचा मानतो.

‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात वकील होते डॉ. आंबेडकर. खटला हरले, पण विषय त्यांनी सोडला नाही. परळच्या चाळीत ते अनेक वर्षं राहिलेले. गिरणीत राबणारी गरोदर बाई त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. १९२८ मध्ये कौन्सिलात त्यांनी प्रसूतिकाळातल्या भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. मूल होणाऱ्या बाईला पगारी विश्रांती मिळाली. ज्या बाईला मूल नकोच, तिचं काय?

ते उत्तर १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधानसभेत आलं. स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. आंबेडकर हजर नव्हते, त्यांचं भाषण रोहम यांनी वाचून दाखवलं. त्यात आरोग्य, गरिबी हे मुद्दे होतेच. पण मला महत्त्वाचा वाटतो तो दुसराच : गर्भ धरायचा की नाही, हे सर्वस्वी बाईच्या इच्छेवर असलं पाहिजे. नवऱ्याच्या नाही, देशाच्या गरजेच्याही नाही. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकापलीकडे दुसरं मूल कुणी मान्य केलं नसतं, असंही त्यात होतं. सभागृहात बहुतेक पुरुषच बसलेले, हे लक्षात ठेवा.

ठरावाच्या बाजूने ११ मतं पडली, विरोधात ५२.

पुढे २० जुलै १९४२ ला नागपूरच्या दलित महिला परिषदेत आंबेडकरांनी हीच गोष्ट सभागृहाला न विचारता थेट बायकांना सांगितली : लग्नाची घाई करू नका, आणि मुलांचं लेंढार वाढवू नका.