मोठा कुत्रा, छोटी गाडी आणि मावळची वाट

पुण्या-मुंबईच्या सदनिकांत लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन किंवा ग्रेट डेन पाळणाऱ्या कुटुंबांपुढे जोडून सुटी आली की एक प्रश्न हमखास उभा राहतो. याला ठेवायचे कोठे? श्वानगृहात ठेवावे तर काही कुत्री तेथे दोन-दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाहीत. शेजाऱ्यांवर सोपवावे तर तीस-पस्तीस किलोचे जनावर हिसका देऊ लागल्यावर आवरणे सर्वांनाच जमत नाही. रेल्वेत मालकासोबत न्यायचे, तर वातानुकूलित प्रथम वर्गातील दोन किंवा चार शायिकांचा संपूर्ण कक्ष आरक्षित करावा लागतो. ते परवडत नसेल तर गार्डच्या डब्यातील पेटी, आणि तीत ग्रेट डेनसारखे कुत्रे मावणे कठीण. उरते ती घरची मोटार. मोटारीने जायचे म्हटले की दोन्ही शहरांतून सर्वांत आधी आठवतो तो मावळ.

अंतराच्या दृष्टीने ही सहल सोपी आहे. पुण्याहून तळेगाव जेमतेम ३५ किलोमीटर. मुंबईहून यायचे तर २००२ मध्ये पूर्ण झालेला, साडेचौऱ्याण्णव किलोमीटर लांबीचा यशवंतराव चव्हाण द्रुतगती महामार्ग आहेच. अडचण अंतराची नसून थांब्यांची आहे. कार्ल्याची लेणी, भाजे, लोहगड, लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीची खरेदी, मग कोठेतरी जेवण, असा आपल्याकडील सहलीचा ठरलेला क्रम. या प्रत्येक ठिकाणी माणसे खाली उतरतात आणि कुत्रा गाडीत राहतो. मोठ्या कुत्र्यासह निघताना मार्ग, वेळ आणि मुक्काम ठरवण्याची कसोटी एकच असावी: त्याला बंद गाडीत एकटे सोडण्याची वेळ येणार आहे का?

लेण्यांच्या दारात अडणारी सहल

कार्ला, भाजे व बेडसे येथील लेणी, तसेच लोहगड आणि विसापूर हे किल्ले केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत. प्राचीन स्मारकांसंबंधीच्या १९५९ च्या नियमांतील आठव्या नियमानुसार अशा स्मारकाच्या आवारात देखभालीखेरीज अन्य कारणासाठी कोणतेही जनावर आणण्यास मनाई आहे. गडावर गावातली कुत्री फिरताना दिसतात, म्हणून आपलेही चालेल, असा समज अनेकांचा असतो. गावातले कुत्रे स्वतःहून येते, पाळीव कुत्रा आणला जातो. नियमाने केलेला फरक तो हाच. पायथ्याला पोहोचल्यावर हे कळले, की अर्धे कुटुंब वर जाते आणि कुत्रा ‘फक्त अर्धा तास’ गाडीत थांबतो.

अर्ध्या तासात काय होते, हे अमेरिकेतील संशोधकांनी मोजून पाहिले आहे. ‘पेडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाहेरचे तापमान २२ ते ३६ अंश सेल्सिअस असताना उन्हातील बंद मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढल्याचे आढळले. या वाढीपैकी ८० टक्के वाढ पहिल्या तीस मिनिटांतच झाली होती. काचा बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. हाच हिशेब मावळाला लावला, तर डिसेंबरातील चोवीस अंशांच्या प्रसन्न दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत अर्ध्या तासाने चाळीस अंशांहून अधिक तापमान असेल. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. माणसासारखा त्याला सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवाटे वाफ घालवून तो अंग थंड ठेवतो. भोवतालची हवाच तापली की हा उपाय लंगडा पडतो. इंजिन व वातानुकूलन चालू ठेवून जाणे हाही उपाय नव्हे. यंत्रणा बंद पडल्यास ते सांगायला आत कोणी नसते, आणि कुत्र्याचा पंजा काचेच्या किंवा कुलपाच्या बटणावर पडू शकतो.

मात्र धोका केवळ गाडीतच आहे, असेही नाही. ब्रिटनमधील नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या वैद्यकीय नोंदींवर आधारित, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत उष्माघाताच्या सुमारे ७४ टक्के घटनांमागे चालणे, धावणे, खेळणे हे कारण आढळले. बंद वाहनाचा वाटा सुमारे ५ टक्के होता. उष्माघात झालेल्या कुत्र्यांपैकी १४ टक्के दगावले. भारी वजनाच्या आणि बसक्या नाकाच्या कुत्र्यांना धोका अधिक, असेही त्यातून दिसले. ब्रिटनच्या उन्हाची ही कथा असेल, तर एप्रिलच्या दुपारी डोंगर चढवून नेलेल्या सेंट बर्नार्डचे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

आंदर मावळाचा पर्याय

म्हणूनच ‘पाहण्याची ठिकाणे’ नसलेला मुक्काम अशा सहलीला बरा. तळेगाव दाभाडेहून आंबीमार्गे इंद्रायणी ओलांडून गेले, की नवलाख उंबरे हे गाव लागते. नाव ऐकून नऊ लाख उंबरठ्यांचे नगर डोळ्यांपुढे यावे. प्रत्यक्षात भातखाचरे, डोंगरउतार आणि अलीकडे औद्योगिक वसाहतीचा शेजार असलेले हे आंदर मावळातील गाव आहे. येथे तिकीट काढून आत शिरायचे काही नाही, आणि नेमकी हीच त्याची सोय आहे. सकाळी लवकर उठून बांधावरून फेरफटका, दुपारी सावलीत विश्रांती, संध्याकाळी पुन्हा फेरी, असा दिवस येथे कुत्र्याच्या कलाने काढता येतो.

परिसरातील शेतघरे भाड्याने मिळतात. तथापि ‘पाळीव प्राणी चालतील’ एवढ्या आश्वासनावर आगाऊ पैसे भरू नयेत. जात, वजन आणि उंची सांगून विचारावे, कारण मालकाच्या मनातील पाळीव प्राणी बहुधा पामेरियन असतो. कुंपणाची उंची किती, आवारात आधीपासून कुत्रे आहे का, राखणदाराच्या घरी लहान मुले किंवा कोंबड्या आहेत का, रात्री कुत्र्याला खोलीत झोपू देणार का, हे चार प्रश्न फोनवरच विचारून घ्यावेत. ‘व्हरांड्यात बांधा’ असे उत्तर आले तर दुसरी जागा शोधावी. त्याचे कारण पुढे येईलच.

पुण्याहून येणाऱ्यांसाठी द्रुतगती मार्गापेक्षा देहूरोड, सोमाटणे फाटामार्गे येणारा जुना महामार्ग सोयीचा. हवे तेथे थांबता येते आणि थांबायला सावलीही सापडते. तळेगावच्या पुढे औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या कंटेनरची वर्दळ असते. तेथे कुत्र्याला खाली उतरवण्याचा मोह टाळावा. मुंबईहून येणाऱ्यांनी बोरघाट चढण्यापूर्वी खालापूरच्या खाद्यगृहांजवळ थांबून घ्यावे. शनिवारी सकाळी घाटात वाहने तासन्‌तास अडकतात आणि द्रुतगती मार्गाच्या कडेला कुत्र्याला फिरवणे जिवावरचे काम आहे. घाट चढल्यावर लोणावळ्याला बाहेर पडून कार्ला, कामशेत, वडगावमार्गे तळेगाव गाठले, की पुढचा प्रवास निवांत होतो. पहाटे साडेपाचला निघणे सर्वांत उत्तम. जेवण बरोबर घेतले तर उपाहारगृहासमोर गाडी लावण्याचा प्रश्नच येत नाही. हॉटेलातच जेवायचे झाल्यास बाहेर बाकडी असलेले पाहावे, अथवा आळीपाळीने जेवावे.

पोट, पाणी आणि पट्टा

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांना निघण्यापूर्वी पोटभर खाऊ घालणे केवळ ओकारीच्या दृष्टीने वाईट नाही. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन यांसारख्या जातींत जठरात वायू साठून ते पीळ पडल्यासारखे फिरण्याचा धोका असतो. भरल्या पोटी उड्या व धावपळ टाळावी, असे पशुवैद्य सांगतात ते त्यामुळेच. पोट टणक फुगणे, ओकारीचा प्रयत्न करूनही काही न पडणे, अस्वस्थ येरझाऱ्या ही लक्षणे दिसल्यास सकाळपर्यंत वाट पाहू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते, आणि काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. निघण्याआधी तीन-चार तास हलके खाणे आणि बाकीचे मुक्कामी पोहोचून थोडी विश्रांती झाल्यावर, हा क्रम चांगला. घाटाच्या वळणांचा त्रास होणाऱ्या कुत्र्यासाठी औषधे उपलब्ध आहेत, पण ती वजन पाहून पशुवैद्यानेच द्यायची असतात. माणसांची गोळी अर्धी करून देणे हा आपल्याकडचा घरगुती शहाणपणा येथे उपयोगाचा नाही.

पाण्याचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. तीस किलोच्या कुत्र्याला एरवीच दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. पाच लिटरचा कॅन आणि पसरट भांडे गाडीत असावे. प्राणी वाहतुकीसंबंधीच्या १९७८ च्या नियमांत कुत्र्यांना उन्हाळ्यात दर चार तासांनी व हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी देण्याची तरतूद आहे. घरच्या गाडीत यापेक्षा अधिक वेळा देणे शक्य असते.

बसण्याच्या जागेबाबत मात्र लाड चालत नाहीत. पुढच्या आसनावर किंवा चालकाच्या मांडीवर डोके ठेवून बसलेले कुत्रे छायाचित्रात गोड दिसते. मोटार वाहन कायद्याच्या १२५ व्या कलमानुसार चालकाच्या हालचालीत अडथळा येईल अशा रीतीने काहीही ठेवणे निषिद्ध आहे. धोक्याचे गणितही साधे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर आतील मोकळ्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीस पट बल येते. तीस किलोचा लॅब्राडोर त्या क्षणी सहाशे किलोचा असतो. हॅचबॅक गाडीत मागचे आसन दुमडून त्यावर सतरंजी घालावी. छातीवरून जाणारा पट्टा आसनाच्या पट्ट्यात अडकवावा, गळपट्ट्यात कधीच नव्हे. मोठ्या गाडीत मागच्या भागाला जाळी बसवता येते. खिडकीबाहेर डोके काढू देणे सर्वांना आवडते, पण मावळातील खडी वाहणाऱ्या ट्रकमागे डोळ्यात कच जायला क्षणही पुरतो.

गावात पाऊल ठेवल्यावर

शहरातील मोठा कुत्रा गावात उतरला, की तो तेथील कुत्र्यांच्या हद्दीत आलेला परका असतो. शेळ्या, गुरे, कोंबड्या त्याने कदाचित प्रथमच पाहिलेल्या असतात. आपल्या मराठवाड्यातील कारवानसारखा शिकारी कुत्रा असेल तर धावत्या कोंबडीमागे तो जाणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोरी हातात ठेवणे हाच उपाय. कोंबडी मेलीच तर घासाघीस न करता भरपाई द्यावी. पाळीव प्राण्यापासून माणसाला इजा होणार नाही याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गंमत अशी, की कुत्र्याशी क्रूरपणे वागणाऱ्याला १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे. उन्हात कोंडलेल्या कुत्र्याचे रक्षण कायद्याच्या धाकावर सोडता येणार नाही, ते यामुळेच.

व्हरांड्यात बांधण्याविषयी वर म्हटले, त्याचे कारण बिबट्या. पुणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात त्याचा वावर आहे, आणि कुत्रे हे त्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव व गावठी कुत्र्यांचा आढळला होता. साखळीने जखडलेल्या कुत्र्याला पळायलाही वाव नसतो. अंधार पडल्यावर कुत्रा दाराच्या आत हवा. रात्रीच्या लघवीसाठी नेताना दिवा आणि आखूड दोरी, दोन्ही हवीत.

पावसाळ्यात मावळ देखणा असतो, हे खरे. पण तेव्हा साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस आणि गवतातून गोचीड येतात. लसीकरण आधीच झालेले असावे, आणि रोज संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली हात फिरवून पाहावे. ओढ्यात पोहायला सोडण्याचा आग्रह नसावा. १५ जून २०२५ रोजी इंदोरीजवळच्या कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. पावसाळ्यातील या नदीचा जोर तोवर अनेक पर्यटकांच्या लक्षातच आला नव्हता. वाहत गेलेल्या कुत्र्यामागे माणूस उडी घेतो आणि एका अपघाताचे दोन होतात.

सोबतच्या कागदांत रेबीज लसीकरणाचे चालू वर्षाचे प्रमाणपत्र, महापालिकेचा श्वान परवाना आणि प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला ठेवावा. तळेगाव किंवा वडगाव येथील पशुवैद्याचा क्रमांक निघण्यापूर्वीच मिळवून, तो सुटीच्या दिवशी उपलब्ध असेल का, हे विचारून घ्यावे. राज्यात फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे, मात्र ही सेवा प्रामुख्याने शेतकऱ्यांच्या जनावरांसाठी असल्याने केवळ तिच्यावर विसंबू नये.

आणि इतके करूनही कुत्रा बेसुमार धापा टाकू लागला, लाळ घट्ट झाली, पाय लटपटू लागले, तर आधी थंड करावे, मग रुग्णालयाकडे निघावे. सावलीत नेऊन सर्वांगावर साधे गार पाणी ओतत राहावे आणि वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, त्याखाली उष्णता कोंडते. शुद्धीवर असेल तरच पाणी पाजावे. गाडीतही खिडक्या उघड्या ठेवून किंवा वातानुकूलन पूर्ण क्षमतेने लावून त्याचे अंग ओले ठेवावे. तो सावरल्यासारखा वाटला तरी पशुवैद्याला दाखवणे टाळू नये. मूत्रपिंडांवर व रक्तावर झालेला परिणाम पुढल्या एक-दोन दिवसांतही दिसू शकतो.