७ ऑक्टोबर २०१९ : आरेतील वृक्षतोडीला स्थगिती

गोरेगावच्या आरे वसाहतीत मेट्रो कारशेडसाठी चाललेली वृक्षतोड सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याच दिवशी थांबवली. तोवर २,१४१ झाडे पडली होती. मग त्याच वर्षी आलेल्या ‘स्वदेसी’ या मुंबईच्या हिप-हॉप समूहाच्या ‘द वारली रिव्होल्ट’ या आरेच्या बाजूने उभ्या राहिलेल्या गाण्याने साधले काय, असे कोणी विचारेल. पण गाण्याकडून न्यायालयाच्या आदेशाचे काम मागणेच चूक. या रॅपरांनी आरेतील आदिवासी प्रकाश भोईर यांचा आवाज सोबत घेतला. आदिवासींच्या वतीने बोलण्याऐवजी त्यांनाच बोलू दिले, आणि हे फार मोलाचे आहे. रॅप ही उसनी अमेरिकी फॅशन, हा आक्षेपही इथे टिकत नाही. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये रॅप उपेक्षित वस्त्यांतूनच उभा राहिला.