असेंब्लरमधील वाक्यरचनाभेद

असेंब्ली ही प्रोसेसरची भाषा मानली जाते. पण तिचे लेखननियम ठरवतो असेंब्लर, म्हणजे लिहिलेल्या आज्ञांचे यंत्रसंकेत बनवणारा प्रोग्रॅम. म्हणूनच एका असेंब्लरसाठी लिहिलेला जुना कोड दुसऱ्याला दिला की अडतो. कधी कधी अडतही नाही आणि भलतेच काम करतो. जास्त नुकसान हा दुसरा प्रकार करतो.

इंटेलचा ८०८० हा प्रोसेसर १९७४ मध्ये आला. झायलॉगचा १९७६ मधला झेड-८० त्याचेच यंत्रसंकेत चालवत असे, पण झायलॉगने आज्ञांना नवी नावे दिली. मेमरीतला बाइट ए रजिस्टरमध्ये आणायला इंटेल लिहितो ‘मूव्ह ए, एम’, तर झायलॉग ‘एलडी ए, (एचएल)’. दोन्हींतून एकच बाइट निघतो : ७ई. असा फरक लगेच पकडला जातो, कारण अनोळखी आज्ञा असेंब्लर नाकारतो. ‘जेपी’ मात्र फसवते. झायलॉगच्या पद्धतीत ती बिनशर्त उडी आहे. इंटेलच्या पद्धतीत उत्तर ऋण नसेल तरच उडी. ‘सीपी’ एकीकडे तुलना करते, दुसरीकडे सशर्त कॉल. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवला गेलेला ८०८५ इंटेलचीच नावे वापरतो. त्यावर शिकलेल्यांनी झेड-८० चा कोड वाचताना या दोन आज्ञांपाशी थांबलेच पाहिजे.

पुढच्या ८०८६ कुळातही हेच घडले. ‘काउंट’ नावाचे व्हेरिएबल असेल, तर ‘मूव्ह एएक्स, काउंट’ या ओळीने मायक्रोसॉफ्टचा मॅझम त्यातली किंमत उचलतो. १९९६ मध्ये आलेला नॅझम त्याचा पत्ता उचलतो. किंमत हवी असेल तर नॅझममध्ये चौकोनी कंस लागतो. शिवाय मॅझम व्हेरिएबलचा आकार लक्षात ठेवतो. नॅझमला ‘बाइट’ की ‘वर्ड’ हे काही आज्ञांत स्पष्ट सांगावे लागते.

जीएनयू असेंब्लरची मूळची एटी अँड टी पद्धत तर क्रमच उलटवते : आधी स्रोत, मग गंतव्य. रजिस्टरच्या नावाआधी टक्क्याची खूण येते. त्यात इंटेल पद्धत सुरू करण्याची सोय आता आहे.

रूपांतर तपासण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे जुन्या आणि नव्या फाइलचे बाइट ताडून पाहणे. मात्र प्रत्येक फरक ही चूक नसते. ‘मूव्ह एएक्स, बीएक्स’ साठी मॅझम ८बी सी३ देतो, नॅझम ८९ डी८. प्रोसेसर दोन्हींवर तेच काम करतो.